गच्चीवरचं खडूचं घर

२ फेब्रुवारी

दोरेवाल्यानं दिलेली ही डायरी महिनाभर कोरीच पडली होती. लिहिण्यासारखं माझ्याकडे घडतं काय? कुणाची बाही लांब झाली, कुणाची आखूड झाली. पण आज घडलं. यांनी चक्क “हो” म्हटलं! लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, या माणसाच्या तोंडून “बघू”शिवाय दुसरा शब्द पडलेला मी ऐकला नव्हता. गच्चीवर मजला चढवायचा, ठरलं.

निमित्त आमच्या लेकाचं. सुनेला दिवस गेलेत आणि परक्या शहरात दोघांच्याच जिवावर बाळ वाढवायची त्यांची छाती होत नाही. आम्ही परत येतो, म्हणाला. या की, आमची कुठे ना आहे? पण ठेवू कुठे? खाली स्वयंपाकघर आणि तीन खोल्या. एकीत आम्ही. एकीत भाऊजी, धाकटी जाऊ आणि त्यांची सहा वर्षांची टिटवी (खरं नाव वेगळं आहे, पण ओरडणं तेच). तिसरीत सासूबाई. आणि सासूबाईंच्या दाराबाहेरच्या बोळात मी आणि माझं शिलाई मशीन. घरातला प्रत्येक जण जाता-येता माझ्या पाठीला घासून जातो.

मला वर एक खोली हवी. दार असलेली. हे आजवर कुणापाशी बोलले नाही, इथेच पहिल्यांदा लिहितेय. लिहिताना माझं मलाच हसू आलं.

सासूबाईंना विचारलं, “आई, तुमचं काय?” म्हणाल्या, “मी कशाला वर? गुडघे कधीच रिटायर झाले माझे. मला खालीच बरं.” चला, तो प्रश्न मिटला.

६ फेब्रुवारी

इंजिनीअरबाई आल्या. माझ्या लेकाच्याच वयाच्या, पण काय धिटाई! थेट सासूबाईंच्या खोलीत शिरल्या, मधल्या खांबाचा थोडा गिलावा खरवडला, कसलंसं यंत्र लावलं, ठोकून ठोकून ऐकलं. आम्ही सगळे दारात श्वास रोखून. डॉक्टर नाडी धरून बसले की उभे राहतो ना, तसे.

“पेलेल,” त्या म्हणाल्या. “बांधतानाच कुणीतरी वरच्या मजल्याचा विचार केलाय. एक मजला आरामात.”

कुणीतरी म्हणजे सासरे. ते जाऊनही किती वर्षं लोटली. सगळे पांगल्यावर मी एकटीच खांबाला हात लावून उभी राहिले. याला आम्ही कॅलेंडर टांगलं, टिटवीची उंची पेन्सिलीनं मांडली, भांडण झाल्यावर मी याच्याच आड उभी राहून रडले. हा बापडा सगळं डोक्यावर घेऊन उभा, आणि आणखी घ्यायला तयार! 

सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, “एवढं काय बघतेस? तो बोलत नाही म्हणून बरं चाललंय तुमचं.” सासूबाईंचं आपलं काहीतरीच.

१० फेब्रुवारी

आज माझी भरपूर शोभा झाली.

वरच्या मजल्याचा नकाशा मीच काढते म्हणाले होते. माणसांची मापं घेते, घराचं घेता येणार नाही का? चार खोल्या काढल्या. आमची, भाऊजींची, लेकाची आणि माझी शिवणाची. इंजिनीअरबाईंनी बेरीज केली, परत केली, मग म्हणाल्या, “काकू, तुमच्या खोल्या गच्चीच्या बाहेर लटकतायत.”

असं कसं? मी दोनदा मोजलं होतं. शेवटी त्यांनीच शोधून काढलं. हाताला सवय ती! प्रत्येक खोलीला चारी बाजूंनी मी शिवणीपुरतं जास्तीचं धरलं होतं, पुढेमागे घट्ट झालं तर उसवून सैल करायला.

“काकू, भिंत उसवता येत नाही हो,” बाई म्हणाल्या. मग काय विचारता! भाऊजी पोट धरून हसले, हेसुद्धा हसले, आणि शेवटी हसता हसता माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

नव्यानं काढला. माझी खोली मुद्दाम पार टोकाला, पाण्याच्या टाकीच्या बाजूला घेतलीय. सत्तावीस वर्षं सासूबाई माझ्या मशीनच्या टकटकीला नावं ठेवतायत. मशीन थांबलं की आतून खोकणार आणि “झालं का?” म्हणून विचारणार, कधी एकदा संपतंय असं झालेलं असतं त्यांना. आता सुटतील एकदाच्या. आम्ही सगळे वर, खाली स्वयंपाक, बैठक आणि सासूबाई.

१४ फेब्रुवारी

कागदावर मला काही उमगत नाही. कापड कापायच्या आधी खडूनं कापडावरच आखायचं, ही माझी रीत. म्हटलं, घराला का नको? आज दिवसभर गच्चीवर ओणवी होते. भाऊजींनी दोरी धरली आणि मी खडूनं सगळा मजला जसाच्या तसा आखला. भिंती, दारं, खिडक्या, सगळं. कंबरेचे बारा वाजले.

पण संध्याकाळी! संध्याकाळी सगळे चहा घेऊन वर आले आणि जो तो न सांगता आपापल्या खोलीत जाऊन बसला. हे आमच्या खोलीत, लेकाच्या खोलीत कुणी पाऊल ठेवलं नाही, ती बाळाची म्हणून. टिटवी पहारेकरी. “मोठे बाबा, तुम्ही भिंतीतून आलात! परत जा!” आणि हे, भर पन्नाशीतला गंभीर माणूस, कप सांभाळत परत गेले आणि दारातून आत आले. धाकटी तिच्या खोलीत उताणी पडून वर बघत होती. तिच्या डोक्यावर छत नव्हतं, आख्खं आभाळ होतं, त्यात एकेक तारा उगवत होता.

मी माझ्या खोलीत उभी होते. चार पांढऱ्या रेघा. एवढ्याशा रेघांच्या आत शिरल्याबरोबर आपण आपल्या घरात आलो असं कसं वाटतं? मी दाराशी गेले, नसलेली कडी काढली, परत लावली. कुणाच्या लक्षात आलं नसावं.

खाली आले तर सासूबाई टक्क जाग्या. “टाकीकडे तू होतीस ना? मधेच दाराशी जाऊन आलीस.” मी थक्क! नुसत्या पावलांवरून? “टिटवी कठड्याजवळ फार जाते, सांग तिला. आणि धाकटी एवढा वेळ निजली का होती? बरं नाही का तिला?” काय म्हणावं या बाईंना. वर गेलो तरी यांच्या नजरेतून सुटका नाही.

१८ फेब्रुवारी

सकाळी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले तर माझ्या खोलीत कुणीतरी भलतीच चौकट आखलेली! भिंतीलगत, लांबोडकी, माणूसभर लांब आणि हातभर रुंद. रेघा वेड्यावाकड्या, जागोजागी तुटलेल्या.

कळलं मला. धाकटीचं ते माहेरचं कपाट. खाली ते कुठेच मावत नाही, म्हणून माझ्या खोलीत आडवं घुसवायचा डाव. मी काही बोलले नाही. चपलेनं घासून पुसून टाकली.

१९ फेब्रुवारी

परत! त्याच जागी. परत पुसली.

२१ फेब्रुवारी

मशीन दुरुस्तीला गेलंय, दोन दिवस हात रिकामे. वाटलं होतं, सासूबाई आता शांत झोपतील. कसलं काय! दुपारभर या कुशीवरून त्या कुशीवर. उठून बोळात येतात, मशीनच्या रिकाम्या जागेकडे बघतात, परत जातात. “कधी येतंय ते?”

“येईल हो आई, तोवर कानांना विश्रांती.”

तर माझ्यावरच खेकसल्या. ऊन वाढलंय, दुसरं काय.

२२ फेब्रुवारी

कापडवाल्याला आज चार शब्द सुनावून आले. सासूबाईंना मागच्याच महिन्यात शिवलेला गाऊन मागून पार विरलाय. बसायच्या जागी जाळी झालीय नुसती! दिवसभर गादीवर बसणाऱ्या बाईचा गाऊन असा झिजतो? कापडच सडकं. तो शपथा घेत होता, मी ऐकून घेतलं नाही. मागून हातशिलाईनं दुहेरी कापड लावून दिलं. सासूबाई म्हणाल्या, “जरा जाड लाव.”

माझा निळा खडूही गायब. टिटवीला रागावले. “मी नाही घेतला!” म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं.

२४ फेब्रुवारी

आज स्फोट झाला. चौकट पुसून पुसून मी कंटाळले, पण ती आखणारी काही कंटाळत नाही, आणि आज तर निळ्या खडूनं आखलेली! इंजिनीअरबाईंना महिनाअखेर पक्क्या रेघा द्यायच्यात. एकदा भिंत उभी राहिली की राहिली. सरळ स्वयंपाकघरात गेले आणि धाकटीला म्हटलं, “तुझं कपाट माझ्या खोलीत येणार नाही. सांगून ठेवते.”

ती बघतच राहिली. “कसलं कपाट?”

“मला सगळं कळतं.”

“ताई, मला ठेवायचं असतं तर तोंडानं सांगितलं असतं. चोरून रेघा कशाला मारू?” तिचे डोळे भरले. पोळी तव्यावर करपली आणि आम्ही दोघी दोन तोंडांना.

आतून सासूबाई ओरडल्या, “कपाट कसलं? कपाटावरून कसल्या भांडता?” मी म्हटलं, “माझ्या खोलीत कुणीतरी रोज आखतं आणि मी रोज पुसते, त्यावरून.” त्यावर आत एकदम सामसूम. नंतर चहा नेला तर पाठ करून निजलेल्या. प्यायल्या नाहीत. यांना कशाचा राग आला? भांडण आमचं.

२५ फेब्रुवारी

काय लिहू. कसं लिहू.

चोर पकडायचाच म्हणून आज उजाडायच्या आधी उठले. मागचं दार नुसतं लोटलेलं. बाहेर गेले आणि जिन्याच्या तळाशी थिजले.

आमचा गच्चीचा जिना म्हणजे टाकी साफ करायला कसातरी काढलेला, उभाच्या उभा, एका बाजूला कठडासुद्धा नाही. मीही भिंतीला धरून चढते. त्या जिन्यावर सासूबाई होत्या.

चढत नव्हत्या. बसल्या होत्या. पायरीवर उलट्या, पाठ वरच्या बाजूला. दोन्ही तळहात मागच्या पायरीवर टेकायच्या, डोळे मिटायच्या आणि सगळं अंग वर ओढून त्या पायरीवर बसायच्या. मग दम खायच्या. मग पुढची. तोंडातून आवाज नाही. गाऊनवर मी लावलेलं दुहेरी कापड पायरीला घासत होतं.

हाक मारावीशी वाटली, पण दचकून तोल गेला तर? मी हाताची मूठ तोंडात धरली. असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. दिवसा न्हाणीघरापर्यंत जायला जिला आधार लागतो ती बाई आभाळाच्या दिशेनं पाठमोरी चालली होती, एकेक पायरी. 

त्या वर पोचल्यावर मी हळूच मागून गेले. टाकीच्या भिंतीला धरून त्या माझ्या खोलीत गेल्या. दारातून गेल्या, भिंतीवरून नाही! खाली बसल्या, खिशातून निळा खडू काढला आणि सरकत सरकत ती चौकट आखली. आखून झाल्यावर तिच्या आत बसल्या आणि चहूकडे बघितलं. पूर्वेला उजळत होतं.

मी खाली पळून आले. त्या उतरून येईपर्यंत दाराआड उभी. पडल्या तर धरायला म्हणून. नाही पडल्या.

दिवसभर काम सुचलं नाही. आणि खरं लिहायचं तर थोडा रागही आला. म्हणजे ती चौकट त्यांची खाट होती. माझीच खोली यांना हवी! चार खोल्यांतली नेमकी तीच? एवढा जीव धोक्यात घालून? मग असा जीव धोक्यात घालणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? आणि ती खाट मी पुसत होते. चपलेनं.

२६ फेब्रुवारी

दुपारी जेवणं आटोपल्यावर त्यांच्याजवळ जाऊन बसले. मन घट्ट करून आले होते.

“आई, टाकीकडची खोली तुम्ही घ्या.”

त्यांनी चमकून पाहिलं. “कुणी सांगितलं तुला?”

“कुणी नाही. मी बघितलं. काल.”

त्या आपल्या तळहातांकडे बघत बसल्या. सोललेले होते. माझ्या कसे लक्षात आले नाहीत?

मी म्हटलं, “तिथे उजेड छान आहे. तुम्ही झोपा तिथे. माझं काय, मशीन ठेवते खालीच बोळात. सवय आहे मला.” एवढं बोलले आणि माझं दार गेलं.

तर सासूबाई भडकल्याच. “मशीन खाली ठेवलंस तर मी वर कशाला मरायला येऊ?”

मला काहीच कळेना. 

“सत्तावीस वर्षं ती टकटक ऐकत झोपतेय मी,” त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. “हे गेले तेव्हासुद्धा तू बोळात शिवत बसली होतीस. महिनाभर. कुणाचं काही शिवायचं नव्हतं, मला माहीत आहे. वर जाणार तुम्ही सगळे. खाली मी काय ऐकू? फ्रीज?”

 मग मी उठले, बोळात गेले, मशीनवर बसले आणि चालू केलं. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

२८ फेब्रुवारी

धाकटीची माफी मागितली. “कपाट तरी ठेवू का आता?” म्हणून तिनं वर मलाच चिडवलं, मग सगळं ऐकून पदराआड रडली.

इंजिनीअरबाईंना म्हटलं, नवा जिना असा पाहिजे की आमच्या आई चालत चढतील. सरळ, तोंड पुढे करून. त्या म्हणाल्या, “पायऱ्या बुटक्या कराव्या लागतील, मग जिना लांबेल. जागा तुमच्या खोलीतून जाईल, काकू.”

“जाऊ दे.”

“पायरी केवढी धरू?”

मी गळ्यातली टेप काढली. सासूबाईंना खांबाला धरून उभं केलं आणि त्यांचा पाय न दुखता किती उचलतो ते मोजलं. बाईमाणसाचं सगळं माप घेतलं मी आजवर, हे कधी घेतलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, “थोडं जास्त लिही, मी एवढी काही म्हातारी नाही.” मी घेतलं तेवढंच लिहिलं. हे शेजारी उभे होते, आईचा पाय बघत. त्यांच्याकडे मी बघितलं नाही, नाहीतर दोघांचाही बांध फुटला असता.

१ मार्च

इंजिनीअरबाईंचा सांगावा होता, सामान प्रत्यक्ष ठेवून बघा, मावतंय का. म्हणून आज यांनी आणि भाऊजींनी मशीन लोखंडी पायांसकट गच्चीवर चढवलं. खांदे गेले दोघांचे. मी नव्या, आखूड खोलीच्या रेघा मारल्या. कापणीचं टेबल आता भिंतीला दुमडणारं करावं लागेल. करू.

“खाटेचं माप मीच देणार,” खालून आवाज आला.

नको नको म्हणेपर्यंत सासूबाई जिन्यावर बसल्यासुद्धा. पाठमोऱ्या. भाऊजी वर, हे खाली, हात पसरून, पण हात लावायची परवानगी नाही. धाकटी आणि मी एकमेकींचा हात धरून. टिटवीसुद्धा गप्प! एकेक पायरी त्या वर आल्या. वर पोचल्यावर त्यांनी घाम पुसला आणि म्हणाल्या, “बघताय काय? चहा ठेवा कुणीतरी.”

दारातून आत आल्या. मी भिंतीलगत चटई घातली. त्या आडव्या झाल्या, तशी त्यांच्याभोवती मी खडूनं खाट आखली. यावेळी सरळ, ठसठशीत. एवढीशी होती हो ती चौकट. मी कपाट समजले होते.

“मावतेय,” त्या आभाळाकडे बघत म्हणाल्या. “आता मशीन लाव. ऐकू येतंय का बघू.”

हातभरावर तर मशीन! पण मी बसले. एक बाही अर्धी राहिली होती, ती घेतली. पायांनी पायडल हलवलं आणि उघड्या आभाळाखाली, जिथे भिंती नाहीत, छत नाही, तिथे टकटक सुरू झाली.

“झाली का सुरू डोकेफोड,” सासूबाई म्हणाल्या आणि डोळे मिटले.

थोड्या वेळानं श्वास संथ झाला. हे चहा घेऊन आले, वळसा घालून दारातून आत आले, आईकडे बघितलं आणि कप तसाच हातात धरून खाली बसले. टिटवी दाराच्या रेघेबाहेर थांबली. मी ओठांवर बोट ठेवलं. तिनं मान डोलावली आणि बाहेरच मांडी घातली.

बाही केव्हाच पूर्ण झाली. मी एक चिंधी घेतली आणि तिच्यावर नुसत्या टिपा मारत बसले. थांबले असते तर त्या जाग्या झाल्या असत्या.